उंबऱ्यावरची मोटर

मानवत गावात माझं फर्निचरचं दुकान आहे. होडीचा नकाशा काढायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते आक्कामुळे. माझ्या या थोरल्या बहिणीचं सासर धरणात गेलं, वस्ती वर नव्या गावात आली, पण दाजींचं उरलेलं शेत पाण्यापलीकडं राहिलं. रस्त्यानं वळसा घालायचा तर अर्धा दिवस मातीत. मी म्हटलं, घरच्या घरी कुणालाही ठोकता येईल अशी होडी काढतो. सपाट बूड, चांगल्या प्लायवूडचे तक्ते, हातकरवत, स्क्रू, आणि मागच्या फळीवर टांगायची लहान पेट्रोल मोटर. ज्याला बाज नीट ठोकता येते त्याला ही होडी आलीच पाहिजे, असा माझा हट्ट. नकाशा झाल्यावर माझं कौतुक मलाच लय वाटलं.

पहिली होडी दाजींनीच अंगणात बांधली. महिनाभरानं आक्काचा फोन आला. दाजी भरदुपारी शेतातून निघतात आणि ऊन कललं तरी काठाला लागत नाहीत. विचारलं तर म्हणतात, होडी जुन्या घरी नेते.

"तुझ्या होडीनं माझा माणूस नेला तर मी काय करू?" ती म्हणाली. "सरळ कर तिला."

मला रागच आला. लाकडाला कुठं घर आठवतं? दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेलो.

दुपारी आम्ही दोघं शेताच्या काठावरून होडीत बसलो. वारा अजिबात नव्हता. दाजींनी मोटरचा दांडा सरळ धरून पेच आवळला आणि हात काढून घेतले. होडी हळूहळू डावीकडं वळायला लागली. जुन्या दारापुढच्या, पाण्याबाहेर आलेल्या वाळक्या बाभळीच्या शेंड्याजवळ आल्यावर दाजींनी मोटर बंद केली, चपला काढल्या. बुडाखालून टकटक ऐकू आली, दारावर बोटानं वाजवल्यासारखी. लाट म्हणावी तर पाणी हलतही नव्हतं.

"मी वळवत न्हाई, पाव्हणं," दाजी हळू बोलले. "तीच येती."

काठावर आल्यावर मी टेप काढला. मागच्या फळीचा माथा म्हणून दाजींनी जुन्या घराचा सागवानी उंबरा बसवला होता. गाव उठताना सगळं टाकलं, उंबरा तेवढा आणलेला. आमच्याकडं उंबऱ्यावर कुणी पाय देत नाही, मग करवत कोण लावणार? न कापता बसवल्यामुळं तो उजवीकडं वीतभर बाहेर आला होता. आणि नकाशात मीच शहाण्यानं लिहिलेलं, मोटर फळीच्या मधोमध. मोटर उंबऱ्याच्या मधोमध, म्हणजे होडीच्या मध्यापासून अर्धी वीत उजवीकडं. होडी डावीकडं वळेल नाही तर काय करेल! मी पोट धरून हसलो. दाजी हसले नाहीत. मी मोटर अर्धी वीत सरकवली, नकाशात वाक्य दुरुस्त केलं, आणि आक्काला सांगितलं, आता घोर सोड.

दुसऱ्या दिवशी शेतापर्यंत होडी दोरी धरल्यासारखी सरळ गेली. परत निघताना मी पुन्हा दांडा सरळ करून पेच आवळला, वर दोरीनं बांधलाही, आणि पुढं बसून दाजींना माझी हुशारी ऐकवत होतो. बोलता बोलता बाभळीचा शेंडा समोर आला. तो उजव्या हाताला दूर राहायला हवा होता की डाव्या, हे मला क्षणभर सुचेना. मागं वळून बघितलं. दांडा सरळ, गाठ जशीच्या तशी, दाजींचे दोन्ही हात मांडीवर. मग मोटर आपोआप बंद पडली आणि खालून टकटक आली. मी कधी चपला काढल्या, मलाही कळलं नाही.

दाजींनी वल्हं घेतलं. काठापर्यंत तेच मारत राहिले.

आक्का काठावर उभी होती. "झाली का सरळ?" तिनं विचारलं.

मी दाजींकडं बघितलं. ते पाण्याकडं बघत होते.

"झाली," मी म्हणालो.

तिनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि चहा ठेवायला घरी गेली. हसतच गेली. नकाशा मी तेव्हापासून कुणाला दिलेला नाही. दाजी अजून त्याच होडीनं जातात, होडी सरळ झाली समजून आक्का आता त्यांना अडवत नाही. भरदुपारी फोन वाजला की मला भीती वाटते, आणि आक्काचं नाव दिसलं तर तो उचलायला माझा हात लवकर पुढं होत नाही.