दगडाने धरलेली जागा

गुरुवारी दुपारी दोन वाजता पहिल्या वर्षाची सगळी मुलं एकाच सभागृहात येतात. कायद्याची, शेतीची, नर्सिंगची, गणिताची. दर आठवड्याला वेगळ्या विभागाचे प्राध्यापक येऊन आपला विषय इतरांना समजेल असा सांगतात. अशी बारा व्याख्यानं. त्यातल्या दहांच्या हजेरीपत्रकावर सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. मुलं अकराशे, खुर्च्या सहाशे चाळीस. हजेरीपत्रक रांगांमधून फिरतं. खिडकीबाहेर उभ्या असलेल्यांपर्यंत ते पोचतच नाही.

म्हणून दगड. पहाटे यायचं, खुर्चीवर दगड ठेवायचा, त्यावर खडूने नाव लिहायचं आणि नाश्त्याला जायचं. जागा पक्की. ही रीत कुणी सुरू केली ते कुणालाच ठाऊक नाही, पण ती सगळ्यांना ठाऊक असते.

अराबा एकूबानला ती ठाऊक नव्हती. एल्मिनाच्या बंदरावर तिने बावीस वर्षं मासे धुरावर सुकवून विकले. मग दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी धूर घेतलास तर उजवा डोळा जाईल. विद्यापीठात सफाईचं काम मिळालं, सहा महिन्यांच्या बोलीवर. साडेपाच महिने तिने वसतिगृहाचे जिने झाडले. सत्र सुरू झालं तशी तिची बदली सभागृहात झाली. पहिल्याच गुरुवारी सकाळी सहाला तिने दार ढकललं, खुर्च्यांवरचे दगड पाहिले, आजकालच्या पोरांना मनात चार शिव्या दिल्या आणि सगळे दगड पोत्यात भरून मागच्या गटारात ओतले.

दीड वाजता भांडण पेटलं. प्रत्येक खुर्चीचे दोन-तीन मालक. प्राध्यापक वीस मिनिटं दारात उभे राहिले आणि निघून गेले. एक व्याख्यान बुडालं, एक सही गेली.

सफाईचे मुकादम बोन्सू यांनी तिला बोलावलं. "वर्गाच्या प्रतिनिधीने लेखी तक्रार दिली तर मला तुला कायम करता येणार नाही. नाही दिली तर मला काहीच माहीत नाही."

तिची मुदत संपायला अकरा दिवस होते.

वर्गाचा प्रतिनिधी फीफी अमिसा हा कुमासीकडचा, समुद्र न पाहिलेला मुलगा. तो वही घेऊन सभागृहाच्या मागे आला तेव्हा अराबा गटारातून दगड काढत होती.

"आंटी, पूर्ण नाव काय तुमचं?"

"कशाला? लग्न जमवतोस का माझं?"

"तक्रारीत लिहायचंय."

"मग बसून लिही. आणि आधी मला सांग, दगडावरून एवढी मारामारी कसली?"

त्याने सांगितलं. ती हातातला दगड बघत राहिली.

"म्हणजे ही घमेली आहेत," ती म्हणाली.

"कसली घमेली?"

"होड्या यायच्या आधी आम्ही बायका मासे घ्यायला वाळूत घमेल्यांची रांग लावतो. घमेलं ठेवायचं, घरी जाऊन पोराला आंघोळ घालायची, परत यायचं. माझ्या घमेल्याला कुणी हात लावला असता तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या मी. आणि आज मीच तीनशे घमेली गटारात ओतली."

"तीनशे बारा," फीफी म्हणाला.

"बरं, तीनशे बारा. पण ज्याचा दगड आहे तो आलाच नाही तर?"

"तर खुर्ची रिकामी राहते. दुसऱ्याचा दगड कोण हलवणार?"

"आणि खिडकीत पोरं उभी? म्हणजे दगड बसून व्याख्यान ऐकतो?"

फीफीला हसायचं नव्हतं, पण हसू आलं.

"आमच्याकडे होडी वाळूला टेकेपर्यंतच घमेल्याची राखण," ती म्हणाली. "टेकली आणि मालकीण हजर नसली तर मागची पुढे."

फीफीने तक्रार लिहिली. घडी घालून खिशात ठेवली. "पुढच्या गुरुवारपर्यंत ठेवतो, आंटी. तुमची रीत चालली तर फाडतो. नाही चालली तर देतो."

पुढच्या गुरुवारी अराबाने घरून जुनं ॲल्युमिनियमचं घमेलं आणलं. सकाळी दगडांना धक्का न लावता खुर्च्यांखालून झाडलं. दोन वाजता प्राध्यापकांनी उंबरठ्यावर पाऊल ठेवलं तसं तिने घमेल्यावर पळीने तीन ठोके दिले आणि खिडकीतल्या मुलांना आत घेतलं. सदतीस खुर्च्या भरल्या. मग हजेरीपत्रकाची दुसरी प्रत घेऊन ती बाहेरून खिडकी-खिडकीशी फिरली.

सव्वादोनला कायद्याचा एक उंच मुलगा आला. "ऊठ. माझा दगड पहाटे पाचपासून आहे."

"दगड पाचला आला, तू सव्वादोनला," अराबा म्हणाली. "सही पण त्यालाच करू दे."

मागच्या रांगा हसल्या. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

त्या दिवशी व्याख्यान डोळ्यांवर होतं. अराबा सहावीपर्यंत शिकलेली. दाराच्या पायरीवर बसून तिला निम्मं कळलं, उरलेलं नंतर फीफीने सांगितलं. धुराने डोळ्याचं नेमकं काय होतं, हे तिला बावीस वर्षांनी समजलं. रविवारी ती एल्मिनाला गेली आणि बहिणीच्या मासे सुकवायच्या भट्टीला उंच धुराडं बसवून घेतलं.

फीफीने तक्रार फाडली नाही. त्याच कागदाच्या मागे, नवी रीत चालली म्हणून तक्रार मागे घेतो, असं दुसरं पत्र लिहून दिलं. बोन्सूंनी दोन्ही बाजू वाचल्या. "सफाईबद्दल माझ्याकडे आलेलं हे पहिलं पत्र, ज्यात शिवी नाही," ते म्हणाले आणि तिला कायम केलं.

पुढची सतरा वर्षं दर गुरुवारी ती पायरीवर असे. व्याख्यान संपलं की दारात प्राध्यापकांना सांगे, "आज कळलं, देव भलं करो," किंवा, "आज नाही कळलं, तरी देव भलं करो." कायद्याच्या व्याख्यानात आईकडून येणाऱ्या घराचा हक्क ऐकला, आणि मामाने मागितलेली खोली तिने सोडली नाही. काही प्राध्यापक तर तिला कळेल असं बोलता येतं का, हेच आधी तपासत. मुलांनाही त्यामुळे जास्त कळे, असं आज कुमासीत शिकवणारा फीफी सांगतो.

निवृत्तीच्या आधीच्या गुरुवारी दोन वाजता तिला घमेलं सापडेना. ते पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर होतं. त्यावर खडूने तिचं नाव. प्राध्यापक उंबरठ्यावर आले होते. तिने घमेलं उचललं, तीन ठोके दिले आणि खिडकीतल्या एका मुलीला त्या खुर्चीवर बसवलं.

"आंटी, मालकीण हजर होती की," मुलं ओरडली.

"मालकीण कामावर आहे," ती म्हणाली.

खिडक्यांसाठीची हजेरीपत्रकाची प्रत घेतली तेव्हा पहिल्या ओळीवर तिचंच नाव लिहिलेलं होतं, शेजारी सहीची जागा मोकळी. सतरा वर्षं तिने ही पत्रकं फिरवली होती. सही कधी केली नव्हती. खिडकीतल्या मुलाचं पेन मागून घेऊन तिने सही केली, पेन परत दिलं आणि त्याला म्हणाली, "आता तू कर."