रोल संपवायला काढलेला फोटो

फोटोमास्तरांची बायको जाऊन तीन आठवडे झाले, तरी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. चहा बेचव लागायचा, एवढंच. लोक म्हणत, माणूस आहे की दगड? मास्तरांनाही आतून तसंच वाटत होतं.

भिंतीवर लावायला मुलीने मोबाईलमधला एक फोटो साफसूफ करून आणला. सुरकुत्या गायब, हनुवटीवरचा व्रणही गायब.

"बाबा, छान आलाय ना?"

"छान आहे," मास्तर म्हणाले. बाई छान होती, फक्त त्यांच्या ओळखीची नव्हती. आपली बायको एकदा दिसली असती, तर ती गेली हेही कदाचित पटलं असतं. त्यांनी नातेवाइकांचे अल्बम पालथे घातले. सगळीकडे ती मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड.

रोलच्या जमान्यात मास्तरांनी अख्ख्या वस्तीला "हलू नका" म्हणून दम भरला होता. गिऱ्हाइकांचे फोटो झाले की रोलमध्ये एखाददुसरा उरायचा. तो संपल्याशिवाय रोल धुवायचा कसा? मग घरात हाक जायची, "अगं, ये जरा, रोल संपवायचाय." ती हातातलं काम टाकून दारात उभी राहायची. खास तिच्यासाठी म्हणून त्यांनी कॅमेरा कधी हातात घेतला नाही. रोल धुतला की कॅमेऱ्यातून काढताना उजेड लागलेलं ते फिल्मचं शेवटचं टोक कापून टोपलीत. हललेला फोटो ठेवतील तर ते मास्तर कसले!

सदऱ्याचं तुटलेलं बटण लावायला सुई शोधताना तिच्या शिवणाच्या डब्यात ती टोकं सापडली. शंभरेक तरी असतील. टोपलीतून उचलून, पुसून, रबर लावून ठेवलेली. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

माळ्यावरचं फोटो छापायचं जुनं यंत्र उतरवून, न्हाणीघरात अंधार करून मास्तरांनी एक टोक छापलं. ट्रेमधल्या कागदावर आधी केस उमटले, मग हनुवटी. व्रण जागच्या जागी होता. अर्धा फोटो उजेडाने खाल्लेला, उरलेल्या अर्ध्यात ती ओला हात झटकत काहीतरी म्हणत होती. काय ते मास्तरांना पाठ होतं. "झाला का रोल? जाऊ मी?"

कागद पक्का करून मास्तरांनी दिवा लावला, तशी मुलीने दार उघडलं. "बाबा, हा बिघडलाय. आई अर्धीच आलीय."

"तेवढीच काढली मी," मास्तर म्हणाले, आणि ओला कागद धरलेला त्यांचा हात हलायला लागला.