वर केलेला हात

माझ्या जोडीदाराच्या बायकोपासून मी एक गोष्ट आठ महिने लपवून ठेवली. लपवून म्हणजे काय, तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रोज सकाळी वाटायचं, या रविवारी जाऊन सांगून टाकू. रविवार आला की मी बूट घालून पळायला जायचो आणि ऊन चढल्यावर घरी येऊन झोपायचो.

जोडीदार म्हणजे शेजारच्या मागांवरचा माणूस. आमच्या पॉवरलूममध्ये एकेका कारागिराकडे आठ माग असतात. माझे आठ, त्याचे आठ, मधे एक चिंचोळी बोळ. एकवीस वर्षं आम्ही त्या बोळीत पाठीला पाठ लावून काम केलं. तो शिंदखेड्याकडचा, मी अमळनेरकडचा. दोघांचीही इथली घरं गोडादऱ्यात, एका गल्लीच्या अंतरावर. त्याचा डावा कान मागांनी खाल्ला, माझा उजवा. कारखान्यात कोणी कोणाला हाक मारत नाही. मारून करणार काय, तोंड हलताना दिसतं तेवढंच. नवीन आलेला माणूस चार दिवस ओरडतो, पाचव्या दिवशी घसा बसतो आणि तो शहाणा होतो.

आमच्याकडे त्यासाठी हात असतात. पाणी, चहा, मास्टरला बोलव, शेठ आलाय, सगळ्याला खूण. त्यात एक खूण मोठी. हात डोक्याच्या वर सरळ धरायचा, पंजा उघडा, हलवायचा नाही. म्हणजे, माझे माग बघ, मला जावं लागतंय. पोटात कळ आली, चक्कर आली, घरून फोन आला, काहीही असो. चालू माग सोडून जाता येत नाही, धागा तुटला की कापड बिघडतं. म्हणून जोडीदार बघून मान हलवेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. आणि जोडीदाराचं काम एवढंच, दर दोन-चार मिनिटांनी मागे वळून बघायचं. हे कोणी शिकवत नाही, अंगात भिनतं. माझी बायको म्हणते, लग्नात जेवायला बसले तरी तुम्ही मागं वळून वळून काय बघता? आता काय सांगू तिला.

पळणं आमच्या आयुष्यात आलं ते डॉक्टरांमुळे. त्रेचाळीसाव्या वर्षी मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी म्हटलं, साहेब, बारा-बारा तास मागांमधून चालतच असतो. ते म्हणाले, ते चालणं वेगळं. घ्या! मग मी कॅनॉल रोडला पहाटे चालायला लागलो आणि जोडीदाराला बळंच सोबत ओढलं. तिथं एक पळणाऱ्यांचा क्लब यायचा. सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, हातात घड्याळं, कोणी कापडाचा व्यापारी, कोणी दातांचा डॉक्टर, बँकेतल्या एक बाई. जोडीदार म्हणाला, "हे लोक पळता कोणापासून?" पंधरा दिवसांनी आम्ही दोघं त्यांच्या मागे पळत होतो. ते आम्हाला भाऊ म्हणायचे, दोघांनाही भाऊच. एक भाऊ हाक मारली की दोन माना वळायच्या, दोन चांगले कान होते ना तेवढे.

मला पळणं का आवडलं ते क्लबात कोणाला सांगता आलं नसतं. त्यांचं सगळं पेस, हार्ट रेट, गुडघ्याचा पट्टा. माझं वेगळंच. माग बंद झाले तरी माझ्या कानात ते चालूच असतात. जेवताना, झोपताना, सणासुदीला, गावी शेतात उभा राहिलो तरी. इतक्या वर्षांत ते कधी थांबले नव्हते. पहिल्यांदा डुमसच्या समुद्राच्या दिशेला लांबचं पळालो, त्या दिवशी दहाव्या किलोमीटरच्या आसपास ते थांबले. एकदम. आधी मला भीती वाटली, दुसरा कानही गेला की काय. मग टिटवी ऐकू आली. माझा श्वास ऐकू आला. शेजारी जोडीदाराचे बूट, चप्प चप्प, त्याचा डावा पाय जरा जोरात पडायचा. मी त्याला म्हटलं, "थांबले रे." त्यानं विचारलं नाही काय थांबलं. म्हणाला, "माझे पण."

त्यानंतर चार वर्षं आम्ही एकही रविवार सोडला नाही. रविवारी कारखाना बंद, मोटारसायकलवर गोडादऱ्याहून निघायचं, वीस-पंचवीस किलोमीटर पळायचं, घामेजल्या अंगानं क्लबाबरोबर इथला डाळीचा गरम लोचो खायचा. मी त्याच्या उजव्या हाताला पळायचो, म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडे, माझा चांगला कान त्याच्याकडे. बोलायचो मात्र फार नाही. दहा किलोमीटरपर्यंत दोघंही वाट बघत असायचो. ते थांबले की एकमेकांकडे बघून हसायचं, बस. खरं सांगतो, त्या चार वर्षांत मी जितका सुखी होतो तितका त्याआधी कधी नव्हतो आणि त्यानंतर होईन असं वाटत नाही.

मग मला वेळेचं वेड लागलं. ते वेड क्लबाचंच, पण लागलं मला. एकवीस किलोमीटर दोन तासांच्या आत, क्लबाच्या भाषेत वेळ लावायची. दोन तास तीन मिनिटं, दोन तास दोन मिनिटं, असा मी त्या दाराशी घुटमळत होतो. जोडीदाराला त्यात काडीचा रस नव्हता. म्हणायचा, दोन मिनिटं वाचवून करशील काय, त्यात झोपशील? मी चिडायचो. मी चिडका आहेच, तो नव्हता. त्यामुळेच निभलं.

हिवाळ्यातली शहरातली मोठी शर्यत होती. आदल्या संध्याकाळी तो हळदीच्या जेवणाला गेला आणि वरण-बट्टी दाबून आला. सकाळी सुरुवातीच्या रेषेवर त्याचं तोंड उतरलेलं. मी म्हटलं, "बोंबला! आजच खायचं होतं?" तो म्हणाला, "पोरीवाले सोडेनात." बाराव्या किलोमीटरला तो म्हणाला, पाय जड झालेत, जरा हळू घेऊ. माझं घड्याळ बरोबर चाललं होतं. दोन तासांच्या आत, पहिल्यांदाच. मी हातानं पुढचा रस्ता दाखवला आणि म्हणालो, "ये तू मागून." आमचं शेवटचं बोलणं हेच.

त्यानंतर नऊ किलोमीटर मी मागे बघितलं नाही. वळून बघितलं की दोन पावलं मंदावतात, क्लबात सगळ्यांनी हे मला शिकवलं होतं. एकवीस वर्षांची सवय मी नऊ किलोमीटर गच्च धरून ठेवली. मान वळायला यायची आणि मी ती वळू द्यायचो नाही. ते मला अजून मानेत जाणवतं.

वेळ लागली. गळ्यात मेडल घातलं, केळं दिलं. क्लबाच्या तंबूत लोचो आला, मी दोन प्लेट खाल्ल्या आणि त्याच्या वाटची एक बाजूला झाकून ठेवली. वाटलं, रुसला असेल, सावकाश येईल. प्लेट गार झाली. मग दातांच्या डॉक्टरांना फोन आला आणि ते माझ्याकडे बघायला लागले.

दवाखान्यात सांगितलं, हृदयाचा झटका, काही करता आलं नसतं. सगळ्यांनी मला सांगितलं आणि मी त्याच्या बायकोला तेच सांगितलं. वहिनी, त्याला काही कळलंच नाही, जागेवर गेला. ती भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान हलवली. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, येईल नंतर. चौथ्या दिवशी मी कामावर गेलो. त्याच्या मागांवर नवा माणूस होता, तो ओरडत होता.

तेरावं झाल्यावर बँकेतल्या बाई मला क्लबात भेटल्या. शर्यतीच्या दिवशी त्या पंधराव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलावर होत्या. बाई मनानं चांगल्या, माझं समाधान करायला आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला सांगू का, ते शेवटी खूप खुशीत होते हां. रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि तुमच्या बाजूला हात केला. कितीतरी वेळ. हात असा वर. मला वाटलं, टाटा करतायत. मीपण केला. मग ते खाली बसले."

मी विचारलं, "हात हलवत होता का?"

बाई जरा आठवून म्हणाल्या, "नाही. सरळ धरला होता."

मी त्यांना थँक्यू म्हणालो. पायातले बूट काढले, परत घातले. त्या दिवशी सत्तावीस किलोमीटर पळालो. कानातले माग दहाव्याला थांबले नाहीत, विसाव्यालाही नाहीत, सत्ताविसाव्यालाही नाहीत. तेव्हापासून ते थांबलेले नाहीत.

तरी मी पळत राहिलो. बायको म्हणाली, अहो, पुरे झालं आता, तुम्हालाही काहीतरी होईल. मी ऐकलं नाही. मला काही व्हावं म्हणूनच पळत होतो असं कोणी म्हणालं तर तेही खरं नाही. मला काहीच वाटत नव्हतं. उन्हाळ्यात पळालो, टाचेला फोड आला, तो फुटला, मोजा रक्तानं भिजला, ते मला घरी गेल्यावर बायकोनं दाखवलं. अंगठ्याचं नख काळं पडून गळालं. दुखलं नाही. क्लबातले म्हणायचे, भाऊ, तुम्ही तर लोखंडाचे झालात. छे! लोखंड तापतं तरी.

वहिनींकडे मी महिन्यातून एकदा जायचो. त्या घरी साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करतात, गठ्ठा घरपोच येतो. मी दारात उभा राहायचो, काही हवं-नको विचारायचो, त्या पाणी द्यायच्या. दर वेळी सांगायचं ठरवून जायचो. मग वाटायचं, जागेवर गेला यावर ती झोपत असेल, ती झोप का काढून घ्यायची? हे मी स्वतःला इतकं छान पटवून दिलं होतं की त्यात मी किती भित्रा आहे ते मलाच दिसेना.

मागच्या रविवारी दुपारी गेलो. त्या उंबऱ्यापाशी उजेडाला बसून धागे कापत होत्या. कोपऱ्यात त्याचे बूट पुसून ठेवलेले. वहिनी आमच्याशी अहिराणीतच बोलतात. म्हणाल्या, "भाऊ, हाई बूट कोनले तरी दी टाका." कोणाला तरी देऊन टाका. मग कातर चालवता चालवता म्हणाल्या, "एक इचारू? त्यास्नी तुमले हाक मारी नव्हती ना?"

मी म्हणालो, "नाही."

एवढ्यावर गप्प बसता आलं असतं. त्यांना तेवढंच हवं होतं. पण बूट समोर होते, डावा जास्त झिजलेला. मी म्हणालो, "वहिनी, हाक नाही मारली. त्यानं हात केला होता." आणि मी त्यांना दाखवला. डोक्याच्या वर, सरळ, पंजा उघडा.

ही बाई एकवीस वर्षं कारखान्याच्या दाराशी डबा घेऊन आलेली. आतलं सगळं त्या दारातून तिनं बघितलेलं. माझ्या हाताकडे तिनं बघितलं आणि कातर थांबली.

"मंग मान कोनी हालाई?" तिनं विचारलं. मान कोणी हलवली?

"कोणीच नाही."

"तुम्हीन?"

"मी पुढे होतो. मागे बघितलं नाही."

"कसाले?"

कशाला? मी म्हणालो, "वेळ लावायची होती. दोन तासांच्या आत."

गल्लीतून एक टेम्पो गेला. तो जाईपर्यंत ती थांबली. मग तिनं अगदी साध्या आवाजात, भाजी किती आणली विचारावं तसं विचारलं, "लागनी का?"

"लागली," मी म्हणालो. "एक तास अठ्ठावन्न मिनिटं."

मी तसाच उभा. खांद्यात कळ यायला लागली, आधी बारीक, मग दंडातून खाली कोपरापर्यंत. तेव्हा लक्षात आलं, माझा हात अजून वरच आहे. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी दुखत होतं. त्याचाही दुखला असणार. बाई म्हणाल्या होत्या, कितीतरी वेळ.

मला रडू फुटलं. दारात उभ्या उभ्या, भर दुपारी, लहान पोरासारखं. मी म्हणालो, "वहिनी, मान हलवा."

तिनं हलवली नाही. मांडीवरची साडी बाजूला ठेवली, धागे झटकले आणि उठून आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, गॅस पेटला.

आतून तिनं विचारलं, "चहा बिनसाखरेनाच ना, भाऊ?"

"हो," मी म्हणालो. हात अजून वरच होता.