खुंटा

निघोज्यात मी जिच्याकडून दूध घ्यायचो, ती बाई कुणाशी गोड बोलत नाही. माप घालून झालं की वर एक धार सोडायची आणि आपण "राहू द्या" म्हटलं की डाफरायची, "दूध माझं हाय. तुमी भांडं धरा."

यंदा तिच्या मुलांनी रस्त्याकडेचं शेत गोठ्यासकट गोदामासाठी विकलं. मग बादल्या, कॅन, कडबाकुट्टी, सगळंच अंगणात विकायला मांडलं. कॅन घेणाऱ्याला ती आधी झाकण उघडून वास घ्यायला लावायची. "येतोय का आंबूस? न्हाई ना? मग न्या."

गाई गेल्या तेव्हा प्रत्येकीच्या गळ्यातलं दावं तिनं स्वतः सोडून घेतलं. आमच्या भागात गाय विकतात, दावं देत नाहीत. त्याच्याबरोबर घरची बरकत जाते म्हणतात.

गोदामवाल्याचा माणूस ताबा घ्यायला आला, तेव्हा ही पहारीनं गोठ्यातला खुंटा उपटत होती. थोरला मुलगा ओशाळला. "आई, राहू दे की. जागा दिली आपण."

"जागा दिली, व्हय. खुंटा न्हाई दिला."

मला वाटलं, ठेवील माळ्यावर, दाव्यांशेजारी. परवा त्यांच्या नव्या बंगल्यावरून चाललो होतो, तर तिनं हाक मारली. पार्किंगची फरशी फोडून, मोटारीच्या जागी तोच खुंटा ठोकला होता. त्याला जुन्या दाव्यानं एक कालवड बांधलेली.

"ही व्याली की या," ती म्हणाली. "तवर भांडं मोडीत काढू नका."