अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

आज सोसायटीत कोणी अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी ओतलं. त्यातल्या ओल्या कोळशाचा वास आला आणि मी थेट जरीपटका भागातल्या आमच्या जुन्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन पडलो.

त्या मे महिन्यात नागपूर इतकं कोरडं होतं, की म्हशी दुधाऐवजी पावडर देत. शर्टाला हात लावला तरी ठिणगी उडे. म्हणून माझा भागीदार नंदू मनगटाला पट्टा बांधून बसे. पट्ट्याची तार दुकानामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात गेलेली, म्हणजे अंगातली वीज फोनऐवजी जमिनीत जाई. खड्डा ओला ठेवणं माझं काम होतं. मी ते पाणी आठवडाभर कूलरला पाजलं.

नंदूनं एका पहिलवानाच्या फोनच्या चार्जिंग पिनेला बोट लावलं. कोरड्या खड्ड्यानं वीज घेतलीच नाही. चट्! फोन मेला. त्यात पहिलवानाच्या गेलेल्या आईचा आवाज होता.

पहिली थप्पड पार शहराच्या मध्यात, सीताबर्डीत ऐकू गेली. दुसरीनं नंदूचा दात काउंटरवर पडला. मग पहिलवानानं लोखंडी स्टूल उचललं.

"पट्टा बांधला होता गा मी! याले विचारा!" नंदू रक्त थुंकत ओरडला.

पहिलवान माझ्याकडे वळला. तेव्हा हुशारीचं वाटलेलं माझं उत्तर आज मलाच चावतं.

"मले काय मालूम, पहिलवान? मी पाह्यलंच नाही."

स्टूल नंदूवर आलं.