भोरड्या आल्या तेव्हा

गळ्यात दुर्बीण अडकवून शेतावर निघालेली सून शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावाने तोवर पाहिली नव्हती. नवरात्रात मी जळगावहून सासरी गेले की पहाटेच सासऱ्यांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, ज्वारी राखायला निघायचे. दीर चिडवायचे, "वहिनी, पाखरं हाकलाले जातस का त्यासना पाव्हनचार कराले?" मी म्हणायचे, दोन्ही!

त्या वर्षी मात्र थट्टा कमी होती. दिरांना सगळ्या शेतात कपाशी हवी होती. आबांनी हट्टाने दोन बिघे ज्वारी पेरली होती. ही नीट राखली गेली तरच पुढच्या साली पेरायची, असं बापलेकांत ठरलं होतं. आबांची गोफण अजून जोरात होती, पण नजर अधू झालेली. म्हणून कामाची वाटणी केली. शेतातल्या राखणीच्या माळ्यावर उभं राहून मी बघायचं, "आल्या" म्हणून ओरडायचं आणि पत्र्याचा डबा बडवायचा. मग आबांनी गोफण फिरवायची.

तीन दिवस आम्ही एक कणीस जाऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी पोहोचलो तेव्हा आभाळात व्याध अजून चमकत होता. उजाडता उजाडता तापीच्या अंगाने एक काळसर ढग उठला, वळला, पसरला, पुन्हा गोळा झाला. ज्वारीचे दाणे टिपायला थव्याने येणाऱ्या भोरड्याच होत्या. कुठून कुठून, डोंगर-वाळवंटं ओलांडून आलेल्या. मी दुर्बीण लावली. काळं डोकं, गुलाबी अंग, त्यावर पहिलं ऊन. इतक्या भोरड्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. डबा पायाशी पडून होता आणि मी येड्यासारखी बघत राहिले.

"काही दिसस का?" आबांनी विचारलं. मी "हं" म्हणाले. नुसतं "हं".

भानावर आले तेव्हा बांधाकडच्या अर्ध्या तुकड्यात नुसत्या काड्या उभ्या होत्या. मग आम्ही दोघांनी बोंबाबोंब केली, वरातीमागून घोडं.

न्याहारीच्या वेळी दीर आले. शेत बघून बांधापर्यंत गेले, एक रिकामी काडी मोडून घेऊन आले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "मना डोळा लागी गया."

दीर रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. "ऱ्हाऊ द्या आबा," ते हळूच म्हणाले, "पुढला साल कपाशीच लावू." आबांनी मान डोलावली. आणि मी, शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवणारी, भाकरीचं फडकं सोडत बसले. माझी मलाच लाज वाटली.

दीर गेल्यावर मी आबांना विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलं?"

ते गोफण गुंडाळत होते.

"मना डोळा लागना त लोके म्हनतीन, म्हातारा शे," ते म्हणाले. "तू त जागी व्हती."