चहा गरम, तुकडा थंड

मंडळी, प्लाझ्मा कटर वापरणारं कोणी आहे का इथे? डोकं फिरलंय माझं.

हुडकेश्वरला माझं छोटं वर्कशॉप आहे. काटोलच्या एका व्यापाऱ्यासाठी संत्री निवडायच्या मशीनचा नमुना बनवतेय. दर वेळी पत्रा बाहेरून कापून आणायचा कंटाळा आला, म्हणून आज एका दुकानात सीएनसी प्लाझ्मा कटर, म्हणजे विजेच्या प्रचंड धगीने पत्रा कापणारी मशीन, बघायला गेले.

कापून दाखवायच्या तुकड्याचं माझं ड्रॉइंग दुकानदाराने कालच व्हॉट्सॲपवर मागून घेतलं होतं. किती तत्पर माणूस, असं वाटलं मला! ड्रॉइंगमध्ये मुद्दाम बारीक भोकं ठेवली होती, कारण प्लाझ्मा फसतो तो तिथेच.

"ताई, लय धूर होते इथं. तुम्ही आत बसा, चहा येऊन राहिला."

बसले. बाहेर मशीनचा आवाज आला. चहाने जीभ पोळते न पोळते तोच हा उघड्या हातात तुकडा घेऊन हजर. भोकं अगदी गोल, कडा गुळगुळीत.

मी बोट लावलं. थंडगार! पाण्यात बुडवला म्हणावं, तर कोरडाठाक.

"आत्ताच कापला ना? मग गरम काहून नाही?"

"आपली मशीन पत्र्याले तापूच देत नाही, ताई."

"मग एक माझ्यासमोर कापा."

"कापू ना. आधी अजून एक चहा घ्या."

मी उठून आले. तो तुकडा कालच कुठेतरी बारीक भोकंही नीट कापणाऱ्या लेझरवर कापून आणला असावा, असा मला दाट संशय आहे.

तुमच्यापैकी कोणाकडे अशी मशीन असेल, तर शेजारी उभं राहून बघू द्याल का? चहा मी आणते. पण पिऊ कापून झाल्यावर.